पडद्यामागचा भागवत

सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. मला मात्र त्या प्रयोगात नाटकापेक्षा वेगळंच काहीतरी दिसतं. भाव्यांचा सूत्रधार मंगलाचरण आटोपून आत निघून जात नसे. साथीदार घेऊन तो अखेरपर्यंत रंगमंचावर हजर असे आणि आख्यानातली पदं तोच गाई. सीतेचा शोक त्याच्या गळ्यातून यायचा. सीतेचं सोंग घेतलेला नट तेवढा वेळ हावभाव करी आणि पद संपलं की आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोले. पात्र एकीकडे, त्याच्या मनातलं सांगणारा सूर दुसरीकडे. सिनेमात आई दारात नुसती उभी असते आणि व्हायोलिनं तिच्या वतीनं रडतात, तेव्हा याहून निराळं काय घडतं?

म्हणून माझं म्हणणं असं, की मराठी सिनेमाच्या पार्श्वसंगीताचं मूळ शोधायला मुंबईला जायची गरज नाही. ते सांगलीच्या राजवाड्यात सापडतं. राक्षस यायचा तो राळेच्या भडक्यातून, कर्कश आरोळी ठोकत. त्या आरोळीवरून लोकांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नावच देऊन टाकलं. त्याला आज आपण साउंड इफेक्ट म्हणू. म्हणजे संगीत आणि ध्वनी ही दोन्ही खाती तिथं होती, नव्हता तो फक्त कॅमेरा.

पण हा सूत्रधार भाव्यांनी आणला कुठून? खरा वाद इथं आहे. उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत यक्षगानाचे खेळ करून गेली. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना त्यातला ओबडधोबडपणा काढून तसाच खेळ मराठीत बसवायला सांगितलं. आता यक्षगानात भागवत कोण असतो? झांजा वाजवत कथा गाणारा, नटांना नाचवणारा आणि स्वतः कधीच सोंग न घेणारा गायक. भाव्यांचा सूत्रधार म्हणजे हाच भागवत, नुसता मराठी बोलणारा. तेव्हा आपल्या पार्श्वसंगीताचं आजोळ कानडी आहे. हे मान्य करायला काही मंडळींना जड जातं.

त्यांतले काही कोकणातल्या दशावताराकडे बोट दाखवतात. तिथंही आरंभाला गणपती-सरस्वती येतात, तिथंही नाईक पखवाजाच्या साथीवर गातो. साम्य आहे, नाकारत नाही. पण आरंभाचा साचा सारखा असल्यानं घराणं सिद्ध होत नाही; गणपतीला काय, सगळेच आधी बोलावतात. दुसरे थेट तंजावरला जातात. तिथं भोसले राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटकं लिहिली जात होती. वयाचा मान तंजावरचाच. पण ती नाटकं तिकडच्या पोथ्यांत राहिली आणि इकडे ती पाहून कोणी मंडळी काढली नाही. कर्कीवाले मात्र सांगलीकरांनी डोळ्यांदेखत पाहिले होते.

पुढे 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं आणि माझ्या या कुळाची पंचाईत झाली. आता शकुंतला स्वतःच गाऊ लागली. सूत्रधाराच्या गळ्यातली पदं पात्रांच्या गळ्यात गेली आणि पुढची पन्नासेक वर्षं जो दुःखी, तोच गायक, असा शिरस्ता पडला. हरिपूरच्या देवलांपासून नागठाण्याच्या बालगंधर्वांपर्यंत सांगलीनंच ही दुसरी परंपराही पोसली, हा त्यातला विनोद.

मग त्या काळात भागवत गेला कुठं? माझा अंदाज आहे, तो खाली उतरला. संगीत नाटकात ऑर्गनवाला रंगमंचासमोर बसे. पद संपलं तरी त्याची बोटं पट्ट्यांवरच असणार, आणि एखाद्या हळव्या संवादाखाली त्यानं हळूच सूर धरला नसेल, हे मला पटत नाही. याचा कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नाही. पण पेटीवाल्यांचा स्वभाव ज्याला माहीत आहे तो मान डोलावेल. शिवाय ‘अयोध्येचा राजा’ या 1932 च्या बोलपटाला संगीत दिलं ते गोविंदराव टेंब्यांनी, आणि टेंबे मुळात नामांकित पेटीवादक, गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. पेटीवाला सरळ स्टुडिओत गेला, याहून चांगला दुवा कुठून आणायचा?

सुरुवातीच्या बोलपटात चित्र आणि आवाज एकदमच टिपावे लागत. वादक झाडाआड, नेपथ्याआड, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं बसत. भाव्यांचा उघडा सूत्रधार पडद्यामागं गेला तो असा, निव्वळ तांत्रिक नाइलाजानं.

मूकपटाच्या थिएटरातल्या पेटी-तबल्याला किंवा विलायती ऑर्केस्ट्राला पार्श्वसंगीताच्या उगमाचा मान देणारेही आहेत. वाद्यांपुरतं मला ते कबूल आहे. प्रभात फिल्म कंपनीत केशवराव भोळ्यांनी पियानो, हवायन गिटार, व्हायोलिन आणले, ते काही भागवताच्या पोतडीतून नव्हे. पण पात्राच्या वतीनं कोणी बोलायचं, हे काम आपल्याकडे आधीच वाटून दिलेलं होतं.

भोळ्यांचं नाव निघालं की गोष्ट पुन्हा कृष्णेकाठच्या मुलखात येते. प्रभातचा ‘अमृतमंथन’ 1934 चा, ‘कुंकू’ 1937 चा. दोन्हींचं संगीत भोळ्यांचं, दिग्दर्शन शांतारामबापूंचं. एकात वाद्यवृंदाची हौस. दुसऱ्यात पार्श्वसंगीताला पूर्ण फाटा, जो आवाज येईल तो घरातला किंवा रस्त्यावरचा. आणि या दोन टोकांच्या चित्रपटांच्या मुळाशी एकाच लेखकाच्या कादंबऱ्या आहेत. ‘अमृतमंथन’ निघाला ‘भाग्यश्री’वरून, ‘कुंकू’ निघाला ‘न पटणारी गोष्ट’वरून. लेखक नारायण हरी आपटे. जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा, संसार साताऱ्याच्या कोरेगावात.

‘कुंकू’ माझ्या उपपत्तीच्या मुळावर येतो, असं कोणी म्हणेल. पार्श्वसंगीत काढूनही सिनेमा रडवतो, मग भागवत हवा कशाला? पण जरठ नवऱ्याच्या त्या घरातलं भिंतीवरचं जुनाट घड्याळ आठवा. नायिका नीरा तोंडानं जे बोलत नाही, ते घड्याळाची टिकटिक बोलते. शांतारामबापूंनी गवई काढला, पण त्याची जागा रिकामी ठेवली नाही. ‘सैराट’साठी अजय-अतुलनी थेट अमेरिकेत जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तोही त्याच जागेवर बसवायला. कर्कीच्या भागवताला तेवढे वादक परवडले नसते, एवढाच फरक.