‘उरलेल्यां’चा संघ

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते आणि मुले तेथे टेनिसच्या चेंडूने क्रिकेट मांडतात. अशाच एका सायंकाळी एका लहानशा वाडीच्या पोरांनी बलाढ्य मानलेल्या संघाला शेवटच्या षटकात हरवलेले आम्ही पाहिले. त्या वाडीशी काडीचाही संबंध नसलेले बघे नाचू लागले. आम्हीही टाळ्या पिटून हात लाल करून घेतले. तसे पाहता श्रीवर्धनला उलथापालथ नवी नाही. येथील भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले! परंतु घरी परतताना आमच्या मनात पेशवाई नव्हती. होती ती मुंबईची जुनी पंचरंगी स्पर्धा, आणि तिच्यातला एक असा संघ, की ज्यात आपल्या ख्रिस्ती बांधवांना जागा होती.

या स्पर्धेचे मूळ युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांत आहे. १९०७ साली हिंदू आले तेव्हा ती तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले तेव्हा चौरंगी. पण तिरंगीच्याही आधी, फेब्रुवारी १९०६ मध्ये, हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले होते. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात पराभव! त्या विजयात पालवणकर बाळू आणि शिवराम या बंधूंचा मोठा वाटा होता. चर्मकार समाजातील या बाळूला पुण्यात खेळताना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यातून दिला जाई. ज्याला आपल्याच माणसांनी उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्याच हातून साहेब बाद होत होते. त्या दिवशी नक्की कोणी कोणाला हरवले, हा प्रश्न आम्हांला धावफलकापेक्षा मोठा वाटतो. बाळूला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही; त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळाले.

१९३७ साली पाचवा संघ दाखल झाला. त्याचे नाव ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध असे जे कोणत्याच चौकटीत बसेनात, त्यांची ही मोट. नावातच उपेक्षा होती. कोणी आपल्या मुलाचे नाव ‘उरलेला’ ठेवील काय? पण याच संघात सांगलीच्या एका शिक्षकाचा मुलगा होता, विजय सॅम्युएल हजारे. हजारे मराठी प्रॉटेस्टंट घराण्यातले. आपल्या धर्मसभेचे नव्हेत, पण पंथभेदाने अभिमान कमी व्हावा असे आम्हांला वाटत नाही.

१९४३ च्या स्पर्धेत त्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढून विजय मर्चंट यांचा नाबाद २४३ धावांचा विक्रम मोडला. डिसेंबरमध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवरील अंतिम सामन्यात गाठ हिंदू संघाशी पडली. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून आपला विक्रम परत घेतला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. उरलेले १३३ धावांत गारद झाले. त्यांतल्या ५९ एकट्या हजाऱ्यांच्या. फॉलोऑन मिळाला. सामना संपल्यातच जमा होता.

आणि मग ते घडले. दुसऱ्या डावात हजाऱ्यांनी ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा होत्या ३८७, म्हणजे शंभरातील जवळजवळ ऐंशी धावा एकाच्या बॅटमधून आल्या. धाकटा भाऊ विवेक याच्यासह त्यांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागी केली. तीत विवेकच्या धावा होत्या २१. वाचकहो, या एकवीस धावांकडे दुर्लक्ष करू नका. समोर थोरला भाऊ पराक्रम गाजवीत असताना आपण केवळ उभे राहायचे, चेंडू अडवायचा, एक धाव काढून त्याला पुन्हा समोर आणायचे, हे तास न् तास करणे सोपे नसते. आमच्या मते त्या डावातील अर्धा पराक्रम विवेकचा आहे.

तरीही उरलेले हरलेच. एक डाव आणि ६१ धावांनी. दुबळ्याचा विजय झाला नाही. पण विजेत्यांच्या ५८१ धावांपेक्षा आज त्या ३०९ धावांचीच आठवण अधिक निघते.

या आनंदाला एक काळी कडाही होती, ती लपवू नये. टाळ्या धर्माधर्मांत वाटल्या गेल्या होत्या. जातीय सामन्यांना मुंबईकरांनी रजा द्यावी, असे गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात सांगितले होते. विद्यार्थीही विरोधात उतरले होते. तरी सामने चालू राहिले, आणि रंगतही गेले. १९४४ चा अंतिम सामना मुसलमान संघाने हिंदूंविरुद्ध अवघा एक गडी राखून जिंकला, तो के. सी. इब्राहिम यांच्या नाबाद १३७ धावांच्या बळावर. अशा खेळाचा मोह सुटणे कठीणच. १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली. ती व्हायलाच हवी होती, असे आम्ही मानतो, आणि तरी तो डाव पाहायला आपण नव्हतो याची हळहळही वाटते.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्या संघाचे कर्णधार विजय हजारे होते.