अफू ते गर्द: नाशिकच्या वाटेवरचा इतिहास

माळव्याची अफू मुंबई बंदराकडे नेणारी एक जुनी वाट नाशिकवरून जाई. 1830 च्या सुमारास ब्रिटिशांनी माळव्यातील व्यापाऱ्यांना शुल्क भरून, परवाना घेऊन अफूच्या पेट्या मुंबईस नेण्याची मुभा दिली. आग्रा रोडने धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक करीत माल थळ घाट उतरे आणि पुढे चीनला जाई. 1865 मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. चीनकडची ही निर्यात 1913 मध्ये थांबली.

देशातही अफू मुरलेली होती, पण प्रत्येक समाजात तिचे रूप वेगळे होते. माळवा, राजपुताना, काठेवाडातील राजपूत घरांत सोयरीक, दुखवटा किंवा वैर मिटवण्याच्या बैठकीत पाण्यात कालवून गाळलेला ‘कसुंबा’ तळहातावरून पाजला जाई. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन पाळीवर जात. मूल झोपे, त्याचे पोषण आणि वाढ मात्र खुंटे.

या व्यसनाचा मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न 1893 मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढे आला. लॉर्ड ब्रासी अध्यक्ष होते आणि नऊ सदस्यांत दोन भारतीय होते. युरोपीय माणसाला जे विष ठरते ते भारतीय प्रकृतीला सोसते, असा युक्तिवाद तेव्हा जोरात होता. 1895 च्या अहवालाने भारतातील अफूसेवन बहुतांशी माफक ठरवले. आयोगाचे सदस्य हेन्री विल्सन यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. अफूचा महसूल सरकारच्या तिजोरीत जात होता, हे विसरून आयोगाचा निष्कर्ष वाचता येत नाही.

खरा फरक वंशाचा नव्हता. गिळलेली अफू हळूहळू भिनते, आणि कसुंब्याला माणसांची व वेळेची मर्यादा होती. 1874 मध्ये प्रयोगशाळेत प्रथम तयार झालेले आणि 1898 पासून बायर कंपनीने खोकल्यावरचे औषध म्हणून विकलेले हेरॉइन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूत पोचते. अफू जिथे काम करते ते मेंदूतील ग्राही 1973 मध्ये सापडले. ते सर्व माणसांत आहेत. परिस्थितीचे बळ व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांत दिसले: तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेकजण घरी आल्यावर पुन्हा त्या व्यसनात अडकले नाहीत.

भारतात औषधाखेरीज अफू खाण्याची सवलत 1959 मध्ये संपवण्यात आली. 1980 च्या दशकात ब्राउन शुगर (अशुद्ध हेरॉइन) आली. मुंबई-पुण्यात तिला ‘गर्द’ आणि ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’ म्हणू लागले. पन्नीवर पूड तापवून धूर ओढला की आधी सुख, मग पेंग. काही तासांनी ‘टर्की’. त्यात नाक-डोळे गळतात, जांभया येतात, हाडे ठणकतात, झोप उडते आणि जीव घाबरा होतो. शरीराचे हाल आठवड्याभरात ओसरतात. मनाचे रेंगाळतात: कशातच गोडी न वाटणे, चिडचिड, अपराधीपणा, अचानक उसळणारी तलफ. पुन्हा व्यसनाकडे वळवणारा हाच काळ असतो आणि घरच्यांना तो सर्वांत कमी कळतो, कारण माणूस वरून बरा दिसू लागलेला असतो.

समाजानुसार बदलते ती मनाचे दुखणे सांगण्याची रीत. मराठी घरात ‘उदास आहे’ असे क्वचित म्हटले जाते. ‘अंग मोडून आलंय’, ‘जीव लागत नाही’ असे सांगितले जाते. ते केवळ शारीरिक दुखणे समजले, तर निराशा नजरेतून सुटते. 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने उपचारात बोलण्याला आणि घरच्या माणसांना जागा दिली, हे त्याचे मोठे काम.

आता गर्दखेरीज वेगळी द्रव्येही आली आहेत: ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात पोलिसांनी एमडी (मेफेड्रोन) हे अमली द्रव्य बनवणारा कारखाना पकडला. हे द्रव्य अफूच्या कुळातले नाही. ते पेंग आणत नाही, जागे ठेवते. त्याच्या अतिसेवनात संशय आणि भास दिसतात. गर्दच्या लक्षणांवरून त्याची ओळख पटत नाही.