कपाळावरून कमरेवर

हिवाळी मोहिमेसाठी मोठी सॅक घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो लिटरचा. साठ घेऊ की ऐंशी? प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात पन्नास लिटरमध्ये मावणारा संसार जानेवारीत मावत नाही. स्लीपिंग बॅग जाड होते, जाकिटं दोन होतात, बर्फ वितळवूनच पाणी करायचं म्हणून इंधन वाढतं, क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स येतात. दिवस लहान, त्यामुळे तेवढ्याच वाटेला मुक्काम जास्त. पण लिटर म्हणजे फक्त पिशवीचं पोट. ओझं पेलतात ते आतला सांगाडा आणि खालचा कमरपट्टा, आणि या दोघांची कुळकथा पिशवीच्या कथेपेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

ती सुरू करायची तर कपाळापासून करावी लागते. नेपाळात ओझं डोकोत भरतात. डोको म्हणजे बांबूची, वर रुंद आणि खाली निमुळती टोपली. तिच्या बुडाखालून एक पट्टा घेतात आणि तो कपाळाच्या जरा वर, माथ्याकडे टेकवतात; हा नाम्लो. खांद्यांवर काही नाही, कमरेवर काही नाही. हातात इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी, तोक्मा. थांबायचं झालं की ती डोकोखाली टेकवायची आणि उभ्याउभ्या ओझं तिच्यावर सोडायचं. बेल्जियन संशोधकांच्या एका गटाने एव्हरेस्टच्या वाटेवर, नामचेच्या आठवडी बाजाराला माल नेणारे पोर्टर वजनकाट्यावर उभे केले. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेले त्यांचे आकडे वाचून सॅकवाल्यांनी टोपी काढावी असेच आहेत. पुरुषांच्या पाठीवर सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं होतं, बायकांच्या पाठीवर ६६ टक्के. काठमांडूच्या बाजूने येणारी ती वाट शंभरेक किलोमीटरची, चढाव सगळा मिळून आठ हजार मीटरचा. तुलनेसाठी सॅक देऊन चालवलेल्या माणसांपेक्षा या पोर्टरांची ऊर्जा कमी खर्च होत होती. चालण्याची रीतही ठरलेली: खडा चढ आला की पंधरा सेकंद चालायचं आणि पाऊण मिनिट थांबायचं.

हिशेब नुसत्या ताकदीचा असता तर सॅकची गरजच पडली नसती. कॅनडातल्या फरच्या व्यापारातले नावाडीसुद्धा होडीतला माल एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यापर्यंत अशाच कपाळपट्ट्याने वाहून नेत. एकेक गठ्ठा नव्वद पौंडांचा, म्हणजे एक्केचाळीस किलोंचा, आणि एका खेपेला असे दोन. आपल्याकडे चुंबळीवर मोळी किंवा हंडा घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईलाही कुणी ओझं कसं वाहावं हे शिकवायला जाऊ नये. पण चुंबळ काय आणि नाम्लो काय, मान गुंतते. नाम्लोवाल्याची नजर पावलांपुढच्या दोन हातांवर असते. ठरलेल्या पायवाटेवर तेवढं पुरतं. बर्फाच्या भिंतीवर वर पाहावं लागतं, स्कीवर वळताना धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातात, हात दोन्ही लागतात. आणि पडायचंही असतं. ओझ्यासकट पडून पुन्हा उठता आलं पाहिजे. माझ्या मते मोठी सॅक जास्त वजन उचलण्यासाठी घडलीच नाही. वजन असताना मान वर करता यावी म्हणून घडली. तिच्या इतिहासातल्या बहुतेक खटपटी बर्फाळ मुलखात का झाल्या, याचं उत्तरही मला इथेच दिसतं.

आल्प्समध्ये १९९१ साली ओट्झी नावाने प्रसिद्ध झालेला, पाच हजारांहून जास्त वर्षं बर्फात राहिलेला माणूस सापडला. त्याच्याजवळ हेझलच्या लाकडाची, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली लांब काठी आणि लार्चच्या फळ्या होत्या. बरीच वर्षं तो पाठीवरच्या ओझ्याचा सांगाडा मानला गेला. पुढे काहींनी तो बर्फात चालण्याचा बूट असल्याचं मत मांडलं. सांगाडाच असेल तर आपल्या कुळाचा मूळपुरुष सापडला. बूट असेल तर निदान माणूस हिवाळी सामानाचा शौकीन होता एवढं म्हणता येईल.

कागदावर सापडणारी वंशावळ नॉर्वेपासून धरता येते. तिथल्या ओले बर्गनने १९०८ साली शिकारीवरून परतताना अनुभवलं की नुसती पिशवी पाठीवर गोळा होऊन बसते, खांदे ओढते आणि तिच्यातलं सगळं टोकदार मणक्यात रुततं. त्याने जुनिपरची फांदी पाठीच्या आकारात वाकवली आणि पिशवी आणि पाठ यांच्यामध्ये घातली. फांदीच्या जागी लवकरच पोलादी नळी आली. कल्पना इतकी साधी आहे की ती त्याआधी कुणाला सुचली नसेल यावर माझा विश्वास बसत नाही, पण पेटंट घेतलं ते बर्गनने. पिशवी आता कमरेच्या वर टेकत होती, पाठीला वारा लागत होता, आणि ओझं खाली असल्याने स्कीवर तोल जात नव्हता. ब्रिटिश सैनिक आपल्या मोठ्या पाठपिशवीला आजही ‘बर्गन’ म्हणतात.

दुसरी शाखा अलास्कातली. लॉइड नेल्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १९२० च्या सुमारास तिथे फिरताना एक उसनी पाठचौकट वापरली. ती मूळ रहिवाशांच्या पद्धतीची, काठ्यांवर सीलचं कातडं ताणून केलेली होती. वजन भरपूर घेतलं जात होतं, पण पाठ सोलवटत होती. घरी परतल्यावर त्याने लाकडी चौकट केली आणि तिच्यावर कॅनव्हास दोऱ्यांनी ताणून बसवला, म्हणजे पाठीला फक्त कापड लागे, लाकूड नाही. पिशवी वेगळी, चौकटीला तारेने अडकवलेली. पिशवी काढून नुसत्या चौकटीवर लाकडं किंवा हरणाची तंगडीही बांधता येई. १९२४ मध्ये पेटंट मिळालं. ‘ट्रॅपर नेल्सन्स इंडियन पॅक बोर्ड’ हे विक्रीचं नाव. नावात ‘इंडियन’ आले, पेटंटवर मात्र एकटा नेल्सनच. अमेरिकेच्या वनखात्यापासून बालवीरांपर्यंत सगळ्यांनी पुढची काही दशकं ही चौकट वापरली.

इतकं झालं तरी वजन खांद्यांवरच होतं. ते खाली उतरायला कॅलिफोर्नियातला एक सुतार लागला.

डिक केल्टी सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकायचा. १९५० च्या आसपासच्या एका भटकंतीत खांदे बधिर झाल्यावर लाकडी चौकटीची खालची दोन टोकं विजारीच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली, आणि खांदे एकदम मोकळे झाले. ओझं गेलं नव्हतं, ते कमरेच्या हाडांवर जाऊन बसलं होतं. खांदा म्हणजे स्नायूंनी तोलून धरलेला सांधा. सततच्या दाबाने स्नायू थकतात, हातांना मुंग्या येतात. कमरेचं कडं हाडांचं आहे आणि त्याच्या खाली शरीरातले सगळ्यात दणकट स्नायू आहेत. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हे आधीपासून होतंच. ओझं वाहणाऱ्या माणसापर्यंत ते विजारीच्या खिशातून पोचलं.

खिशांच्या जागी केल्टीने पट्टा आणला. लाकडाच्या जागी पाठीच्या वळणानुसार वाकवलेली, सांधे वितळवून जोडलेली ॲल्युमिनियमची नळी. कॅनव्हासच्या जागी नायलॉन. १९५२ मध्ये त्याने आणि त्याची पत्नी नीना हिने घरच्या घरी धंदा सुरू केला. चौकटी तो करी, पिशव्या ती शिवी. पहिल्या वर्षी खपल्या २९, किंमत प्रत्येकी २४ डॉलर. लोक डिकलाच सॅकचा जनक म्हणतात. शिलाई मशीनवर बसलेल्या नीनाचं नाव जाहिरातीत क्वचितच येतं, आणि शिलाई उसवली तर सांगाड्याचा काही उपयोग नसतो हे डोंगरात एकदा तरी सॅक फाटलेल्या कुणालाही विचारावं. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत केल्टीच्या सॅक होत्या. जिम व्हिटेकर आणि नवांग गोम्बू १ मे रोजी शिखरावर पोचले ती हीच मोहीम. टॉम हॉर्नबाइन आणि विली अनसोल्ड त्याच महिन्यात पश्चिम धारेने चढून दुसऱ्या बाजूने उतरले तीही हीच.

पायवाटेवर केल्टीच्या चौकटीला तोड नव्हती. बर्फावर मात्र तिचे दुर्गुण दिसायला लागले. चौकट पाठीपासून सुटी, म्हणून ओझं मागे झुलतं. स्कीवर वळलात की तुम्ही आधी वळता आणि सॅक अर्ध्या सेकंदाने, आणि तो अर्धा सेकंद माणसाला उताणा पाडायला पुरतो. वर पाहावं तर डोकं नळीवर आपटतं. दगडाच्या अरुंद फटीतून चढताना नळ्या अडकतात. म्हणजे ज्या कामासाठी नाम्लो सोडला, तेच काम पुन्हा अडलं.

युटामधल्या लो भावांना ही अडचण रोजची होती. ग्रेग, माइक आणि जेफ, तिघेही गिर्यारोहक. १९६७ मध्ये ग्रेगने सांगाडा उचलून पिशवीच्या आत घातला. पिशवी पाठीला घट्ट बिलगली आणि धडाबरोबर वळायला लागली. आज कुठल्याही मोठ्या सॅकवर दिसणारे बरेचसे पट्टे, कंपनीच्या सांगण्यानुसार, त्या एका नगात एकत्र आले होते: खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे, ओझं अंगाकडे ओढणारे छोटे पट्टे, छातीवरचा आडवा पट्टा, अर्धी रिकामी पिशवी आवळून धरणारे बाजूचे पट्टे, आणि माणसाच्या उंचीनुसार वर-खाली होणारी पाठ. एवढं पोट लागतं कशाला, याचं उत्तरही त्याच वर्षी मिळालं: फेब्रुवारीत अलास्कातल्या डेनालीवर पहिली हिवाळी चढाई झाली. आर्ट डेव्हिडसन, डेव्ह जॉन्स्टन आणि रे जेनेट हे तिघे शिखर गाठून उतरताना वादळात सापडले आणि बर्फात खोदलेल्या बिळात सहा दिवस अडकून पडले. हिवाळ्यात चार दिवसांचं जादा अन्न आणि इंधन कशाला वाहायचं, असं विचारणाऱ्याने तो प्रसंग वाचावा.

हिवाळी सॅकचे बाकीचे अवयव थंडीनेच घडवले. मेणकापडी कॅनव्हास भिजला की जड होतो आणि गोठला की फळीसारखा उभा राहतो. चामडी पट्टे ओले होऊन थिजतात, मग बक्कल सोडवायला हातमोजा काढावा लागतो आणि उघड्या बोटांना पोलादी बक्कल चटका देतं. नायलॉनने पहिली अडचण मिटवली, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेल्या, दोन बाजूंनी दाबून उघडणाऱ्या प्लास्टिकच्या बक्कलाने दुसरी. तोंडाशी असलेली कापडाची लांब नळी तर दुहेरी कामाची. जादा सामान भरायला ती वाढते, आणि रात्र उघड्यावर काढायची वेळ आली तर सॅक रिकामी करून पाय तिच्यात घालायचे आणि नळी मांडीपर्यंत ओढायची. आल्प्समधले चढाईवाले यासाठी कमरेपर्यंतचीच अर्धी स्लीपिंग बॅग नेत. फ्रेंच तिला हत्तीचा पाय म्हणतात. काही सॅकच्या पाठीतला फोमचा तुकडा बाहेर निघतो, तोही बुडाखाली घ्यायला.

उलट उन्हाळ्यातली सोय हिवाळ्यात नडते. जर्मनीच्या डॉयटर कंपनीने १९८४ मध्ये पाठ आणि पिशवी यांच्यामध्ये ताणलेली जाळी आणली, हवा खेळावी म्हणून. सह्याद्रीत एप्रिलमध्ये घामाघूम होणाऱ्याला ती वरदान वाटेल. पण बर्फात सॅक खाली ठेवली की त्या जाळीत आणि पोकळीत बर्फ ठासून बसतो, आणि सॅक पुन्हा चढवली की तो पाठीच्या उबेने वितळतो. शिवाय पोकळीमुळे ओझं पाठीपासून लांब जातं, म्हणजे पुन्हा केल्टीचं दुखणं. डिसेंबरात केदारकंठाला किंवा उत्तरकाशी-दार्जिलिंगच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांना दुकानदार हीच जाळी कौतुकाने दाखवतो. पाठ गुळगुळीत असलेली सॅक मागावी.

राहिलं माप. सॅक माणसाच्या उंचीवर घेत नाहीत, धडाच्या लांबीवर घेतात, हे बाजारात रुजवण्यात वेन ग्रेगरीच्या, १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या कंपनीचा मोठा वाटा. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत टेप धरायची. सहा फुटी माणसाचं धड आखूड निघू शकतं आणि पाच फुटी मुलीचं लांब. हे माप चुकलं तर कमरपट्टा पोटावर किंवा मांड्यांवर बसतो आणि सगळं ओझं गुपचूप खांद्यांवर परततं, मग सॅक कितीही महागाची असो. दुकानात पिशवी रिकामी घालून आरशात पाहण्यात अर्थ नाही. दोन-चार दोर मागून घ्यावेत, भरावेत, आधी कमरपट्टा आवळावा, खांद्याचे पट्टे त्यानंतर, आणि जिने चढावेत.

एवढ्या खटपटीने कमरेवर आणलेलं ओझं अवघड हिवाळी चढाईत मात्र पुन्हा वर चढतं. तिथे कमरेला हार्नेस असतो, त्याच्या कड्यांना बर्फात बसवायचे स्क्रू आणि कॅराबिनर लटकत असतात, आणि जाड कमरपट्टा नेमका त्यांच्यावर बसतो. म्हणून चढाईच्या सॅकचा कमरपट्टा काढता येतो. बरेच जण भिंतीच्या पायथ्याशी तो काढून पिशवीत टाकतात आणि कमी केलेलं ओझं खांद्यांवरच घेतात. आणि सपाट हिमनदीवर, जिथे पोर्टर नसतात, तिथे सगळं पाठीवर घेण्याचा हट्टच सोडलेला आहे. डेनालीच्या नेहमीच्या वाटेवर निघालेले गिर्यारोहक निम्मं सामान सॅकमध्ये भरतात आणि उरलेलं, लहान मुलं बर्फावर घसरायला वापरतात तसल्या स्वस्त प्लास्टिकच्या घसरगाडीवर बांधून दोरीने मागे ओढत नेतात.