रोखीचा डाव आणि स्पर्धेचा डाव

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे फिरली, की पुष्कळ घरांत कोणीतरी हळूच पत्त्यांचा कॅट बाहेर काढतो. पाडव्याला आपल्या पंचांगांनी द्यूतप्रतिपदा असे नावच देऊन ठेवले असल्यामुळे वडीलधारी मंडळीही त्या दिवशी कानाडोळा करतात. मग मुलांचे बदाम सात एका कोपऱ्यात आणि मोठ्यांची तीनपत्ती दुसऱ्या कोपऱ्यात रंगते. ही तीनपत्ती इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ नावाच्या खेळाची बहीण. आणि ब्रॅगचे दूरचे नाते ज्याच्याशी लावतात, तो अमेरिकेचा पोकर आता आपल्याकडच्या तरुण मंडळींच्याही तोंडी असतो. पोकर शिकू पाहणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो : रोखीच्या टेबलावर बसावे, की स्पर्धेत नाव घालावे? पत्ते तेच, हातांचे क्रम तेच, हूल देण्याची कलाही तीच. मग फरक तो काय? फरक पुष्कळच आहे, आणि तो इतिहासात शिरल्यावाचून नीट उमगत नाही. कारण या दोहोंपैकी एक दुसऱ्यापेक्षा चांगला दीडशे वर्षांनी वडील आहे.

वडील म्हणजे रोखीचा डाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स या फ्रेंच वळणाच्या शहरात पोकर आकाराला आला. प्रथम वीसच पत्त्यांत चौघे जण तो खेळत. पुढे मिसिसिपी नदीवर वाफेच्या बोटी धावू लागल्या आणि त्यांच्याबरोबर हा खेळही उत्तरेकडे निघाला. कापूस विकून गाठीला पैसा घेऊन परतणारा मळेवाला, वेळ जाता जात नाही असा लांबचा प्रवास, आणि शेजारी गोड बोलणारा एक सभ्य गृहस्थ! हे सभ्य गृहस्थ बहुधा धंदेवाईक असत आणि त्यांचे पत्ते त्यांच्याहूनही हुशार असत. त्या लोकांविषयी किनाऱ्यावरच्या गावांत इतकी चीड साठली होती की, जुलै १८३५ मध्ये व्हिक्सबर्ग गावात चकमक होऊन एक डॉक्टर गोळीने ठार झाल्यावर नागरिकांनी खटलाबिटला न चालवता पाच जुगाऱ्यांना फासावर लटकवले.

त्या काळचा सारा पोकर रोखीचा. समोर नाणी-नोटा ठेवायच्या, आणि त्या संपल्या की उठायचे किंवा आणखी काढायच्या. या खेळाने पुढे एक शहाणा नियम केला : डाव चालू असताना टेबलावर जे असेल तेवढेच पणाला लावायचे, मध्येच खिशातून नवे काढायचे नाहीत आणि समोरचे खिशात घालायचेही नाहीत. धर्मराजाच्या द्यूतात एवढी एक मर्यादा असती, तर सभापर्व निम्म्यावर आटोपले असते! पण या नियमाचा आधार त्या एका डावापुरताच. डाव संपला की पाकिटाला पुन्हा वाट मोकळी. रोखीच्या टेबलाचे गुण आणि दोष दोन्ही या मोकळ्या वाटेत आहेत. वाटेल तेव्हा बसा, वाटेल तेव्हा उठा. तीनपत्तीत बूट लावतात तशी सक्तीची रक्कम येथेही असते, पण ती रात्रभर तेवढीच राहते. अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून किंवा तासाच्या हिशेबाने आपली नाल तेवढी काढून घेतो. थांबा असे सांगणारा कोणी नसतो.

स्पर्धेचा जन्म मात्र अगदी अलीकडचा. टेक्सासमधल्या डॅलसचा बेनी बिनियन हा जुगारअड्डेवाला १९४६ साली तिथला गाशा गुंडाळून लास व्हेगासला आला आणि १९५१ मध्ये त्याने ‘हॉर्सशू’ नावाचे जुगारगृह उघडले. १९७० साली त्याने देशातले नामांकित पोकरपटू जमवून त्या मेळाव्याला जगज्जेतेपदाची मालिका असे भारदस्त नाव दिले. खेळ रोखीचेच झाले. शेवटी जगज्जेता मतदानाने ठरला. सांगतात की, पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले! तेव्हा आपल्या खालोखाल दुसरा कोण असे विचारावे लागले आणि मग जॉनी मॉसचे नाव निघाले. गोष्ट थोडी रचलेली असेलही, पण ती रोखीच्या डावाची खरी अडचण अचूक सांगते : रोखीत कोणी किती जिंकले ते ज्याचे त्याला ठाऊक, विजेता म्हणून कोणाला उभे करावे असा क्षणच येत नाही. चषक द्यायचा कोणाला?

म्हणून १९७१ साली नवी रीत निघाली. प्रत्येकाने ५,००० डॉलर प्रवेशमूल्य भरायचे, सारख्या चकत्या घ्यायच्या, आणि त्या संपल्या की बाहेर व्हायचे. शेवटी ज्याच्यापाशी सगळ्या चकत्या, तो जगज्जेता. पुन्हा मॉसच जिंकला. पण या वेळी मताने नव्हे. या रीतीने चकतीचा आणि पैशाचा संबंध तोडून टाकला. रोखीच्या टेबलावर शंभराची चकती म्हणजे शंभर रुपयेच. स्पर्धेत ती केवळ तग धरण्याचे साधन. बूटही स्थिर राहत नाही. ठराविक वेळाने ती वाढते, आणि स्वस्थ बसून राहणाऱ्याला भरतीच्या पाण्यासारखी हळूहळू गिळते.

पुढल्याच वर्षी मोठी गंमत झाली. १९७२ च्या स्पर्धेत शेवटी तिघे उरले : थॉमस प्रेस्टन ऊर्फ अमॅरिलो स्लिम, पगी पीअर्सन आणि डॉयल ब्रन्सन. हे मुळात रोखीचे खेळाडू. वर्तमानपत्रात छायाचित्र यावे ही हौस ब्रन्सनला मुळीच नव्हती. जुगारी म्हणून नाव झाले तर घरी तोंड दाखवायची पंचाईत. प्रकृतीचे निमित्त सांगून, आपल्या वाट्याचे पैसे घेऊन तो उठला. प्रसिद्धीचा भुकेला स्लिम जिंकला आणि थेट दूरदर्शनच्या पडद्यावर जाऊन गप्पा मारू लागला. जिंकायचे कोणाला हा प्रश्न जवळजवळ आपसांत मिटला, असेच म्हणायला हवे. ब्रन्सनने पुढे १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली. पण २०२३ मध्ये वारला तोपर्यंत त्याची खरी ओळख मोठ्या रोखीच्या टेबलावरचा खेळाडू अशीच राहिली.

आरंभी सारे बक्षीस एकट्या विजेत्याला मिळे. १९७८ पासून ते पहिल्या पाचांत वाटू लागले. तोवर प्रवेशमूल्य १०,००० डॉलर झाले होते आणि सामान्य माणसाला ते झेपणे शक्य नव्हते. तेव्हा एरिक ड्राक नावाच्या व्यवस्थापकाने युक्ती काढली : दहा जणांनी हजार-हजार घालून आधी आपसांत खेळावे, आणि जिंकेल त्याने मोठ्या स्पर्धेत बसावे. १९८३ साली अशा पायरीवरून चढून आलेला मिशिगनचा टॉम मॅकएव्हॉय जगज्जेता झाला. पूर्वी हा गृहस्थ हिशेबनीस होता. वीस वर्षांनी, २००३ मध्ये, शंभर डॉलरांच्या आतल्या प्रवेशमूल्यावर घरबसल्या संगणकावरून पात्र ठरलेला ख्रिस मनीमेकर जिंकला. तोही टेनेसीचा हिशेबनीसच! हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्यांनाच हा खेळ साधावा, हा निव्वळ योगायोग असेलसे वाटत नाही.

मनीमेकरच्या विजयाचे आकडे नवशिक्याने सावकाश वाचावेत. स्पर्धक ८३९, प्रवेशमूल्य प्रत्येकी १०,००० डॉलर, पहिले बक्षीस २५ लाख. म्हणजे सगळ्या चकत्या जिंकूनही जमलेल्या रकमेचा जेमतेम तिसरा हिस्सा त्याच्या हाती आला. बक्षीस मिळाले ६३ जणांना. उरलेले ७७६ जण हात हलवीत गेले. यातून दोन गोष्टी निघतात. स्पर्धेत जिंकलेल्या चकतीपेक्षा गमावलेली चकती अधिक महाग. म्हणून रोखीत जी चाल बिनदिक्कत करावी, ती येथे कधी कधी सोडावी लागते. आणि चांगला खेळाडूही महिनेच्या महिने रिकाम्या हाताने परतू शकतो.

स्टू उंगरचे उदाहरण याहून कडू आहे. १९८० आणि १९८१ साली तो जिंकला; १९९७ मध्ये बिली बॅक्स्टर या मित्राने पैसे भरले म्हणून बसला आणि तिसऱ्यांदा जिंकला. दहा लाख डॉलरांतले अर्धे मित्राला गेले. बाकीचे घोड्यांनी, पैजांनी आणि व्यसनाने खाल्ले. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलात तो मृतावस्थेत सापडला. त्याच्या बुद्धीपुढे टेबलावर कोणी टिकत नसे. पण त्याचा तोटा टेबलावर होतच नव्हता, तो टेबलाबाहेर होत होता.

तेव्हा नवशिक्याने कोठून सुरुवात करावी? माझे मत स्पष्ट आहे : लहान स्पर्धेपासून, तीही आठ-दहा जणांच्या एका टेबलाच्या. खेळ शिकण्यासाठी रोखीचे टेबल अधिक चांगले, हे मला ठाऊक आहे. तेथे चकत्यांचा साठा मोठा राहतो, प्रत्येक हाताचा सावकाश विचार करता येतो, चूक झाली तरी पुढल्या डावात बसता येते. उलट स्पर्धेत अर्ध्या तासात गाशा गुंडाळून प्रेक्षक होण्याची पाळी येते. तरीही स्पर्धाच. कारण आज रात्री जास्तीत जास्त किती जाणार, हे तेथे बसण्यापूर्वीच ठरलेले असते. (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसू देणारी स्पर्धा मात्र नावाचीच स्पर्धा, ती टाळावी.) रोखीच्या टेबलावर ही मर्यादा स्वतः घालून घ्यावी लागते, आणि पहाटे दोन वाजता हरलेल्या माणसाने स्वतःला घातलेली मर्यादा किती टिकते, हे घरच्या मंडळींना विचारावे. पत्ते ओळखता येऊ लागले, राग आवरता येऊ लागला, की मग लहानात लहान रोखीच्या टेबलावर मोजून पैसे घेऊन जावे, पाकीट घरी ठेवून.

मिसिसिपीची आठवण यावी असे दृश्य आज आपल्याला पणजीला दिसते. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या करून पाण्यावरच्या बोटींत टेबलावरच्या खेळांना परवानगी दिली, आणि मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणाऱ्या बोटी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात मात्र अड्डा चालवणे १८८७ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने संगणकावरून पैसे लावून खेळायची वाटही बंद केली. दिवाळीत घरच्या घरी स्पर्धा मांडायला पैशाची गरजही नाही. प्रत्येकाला सारखे शेंगदाणे वाटावेत, दर वीस मिनिटांनी बूट दुप्पट करावी, आणि जिंकेल त्याला ताटातला शेवटचा अनारसा द्यावा. मुलांनी दाणे खाऊन टाकले, तर ती बाद!

बिनियनविषयी एक गोष्ट राहिली. स्पर्धेचा गाजावाजा त्याने केला, छायाचित्रे छापून आणली, विजेत्यापुढे नोटांच्या थप्प्या रचल्या. पण त्या दिवसांत हॉर्सशूमध्ये आणखी एक व्यवस्था असे. स्पर्धेच्या दालनाला लागूनच रोखीची टेबले मांडलेली असत आणि ती रात्रंदिवस चालत. स्पर्धेतून बाद झालेला माणूस उठून बाहेर निघाला की, पहिल्यांदा तीच त्याच्या वाटेत येत.