समाजस्वास्थ्य (मासिक)

समाजस्वास्थ्य हे लैंगिक शिक्षण, संततिनियमन व आरोग्य या विषयांना वाहिलेले मराठी मासिक होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ते जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू केले व अखेरपर्यंत त्याचे संपादन केले. घरात उच्चारता न येणाऱ्या प्रश्नांना छापील उत्तरे देणे हे या मासिकाचे वैशिष्ट्य होते.

पार्श्वभूमी

कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र आणि गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले; त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असे केंद्र सुरू केले होते. या प्रचारकार्यामुळे कर्वे यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांची त्यांना या कार्यात साथ होती.

त्या काळी बालविवाह रूढ होते. १ एप्रिल १९३० रोजी अमलात आलेल्या शारदा कायद्यानेही विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ व मुलांसाठी १८ वर्षे एवढेच ठरवले. संसार लवकर सुरू होत असला, तरी गर्भधारणा वा गुप्तरोग यांविषयी वडीलधाऱ्यांशी बोलण्याची रीत नव्हती.

स्वरूप

मासिकात संततिनियमन, गुप्तरोग, आहार, स्त्रियांचे हक्क इत्यादी विषयांवर लेख येत. शकुंतला परांजपे यांनीही त्यात लेखन केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना कर्वे शास्त्रीय माहितीच्या आधारे, सोप्या भाषेत उत्तरे देत. प्रश्न व उत्तर दोन्ही छापले जात असल्याने एकाच्या शंकेचे निरसन इतर वाचकांच्याही उपयोगी पडे.

खटले

व्यभिचार या विषयावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा आरोप ठेवण्यात आला व त्यांना दंड झाला. १९३४ मधील दुसऱ्या खटल्याचा विषय वाचकांना दिलेली उत्तरे हाच होता. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नांचा त्यांत समावेश होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, तसेच वाचकाने शंका विचारल्यास तिचे उत्तर देणे योग्यच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. निकाल विरोधात जाऊन कर्वे यांना पुन्हा दंड भरावा लागला. मात्र मासिक बंद पडले नाही.

अखेर व प्रभाव

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला. कर्वे यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट दिग्दर्शित केला. मासिकावरील खटल्यांवर आधारित ‘समाजस्वास्थ्य’ हे अजित दळवी लिखित नाटक अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केले.