नावाचे वय आणि फळाचे वय

जुने मराठी ग्रंथ शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास निघतो: त्या काळी लोक खात तरी काय होते? उत्तर देताना आपण नकळत आजचे स्वयंपाकघर सातआठशे वर्षे मागे नेऊन ठेवतो. एखाद्या ऐतिहासिक कादंबरीत यादवांच्या पंगतीला मिरचीचा ठेचा वाढलेला दिसला, तरी तो बहुतेकांना खटकणार नाही. कारण 'मिरची' हा शब्द कानाला परका लागत नाही.

तो परका नाहीच. संस्कृत 'मरिच' वरून मिरे, मिरी आणि त्याच कुळातली मिरची. परकी आहे ती वस्तू. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात पाककृतींचे विस्तृत प्रकरण आहे. त्यात मिरे, हिंग, आले, सैंधव सारे काही आहे. मिरची नाही, आणि असणे शक्यही नव्हते. मिरचीचे मूळ अमेरिका खंडात. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा 1498 मध्ये मलबारला उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगीज गलबतांतून ती इकडे आली. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'ऐन-इ-अकबरी'तील मसाल्यांच्या यादीतही मिरे आहे, मिरची नाही. तिखटपणाचे जुने नाव नव्या फळाला मिळाले आणि नावामागे त्या फळाचा प्रवास झाकला गेला.

नव्या वस्तूला नाव देण्याची ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे वस्तूबरोबर आलेले नावच ठेवून घेणे. ब्राझीलमधील तुपी लोकांचा 'अकाजू' पोर्तुगीजांच्या तोंडी 'काजू' झाला आणि आपण तो तसाच घेतला. अननसही त्याच भाषाकुळातून त्याच वाटेने आला. मोगल दरबारात मात्र अननसाला 'कटहल-ए-सफरी', म्हणजे प्रवासी फणस, असेही म्हणत. त्याची रोपे भांड्यात लावून प्रवासात नेता येत, असा खुलासा 'ऐन-इ-अकबरी' करते.

तिसरी रीत सर्वांत विलक्षण. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ ही सारी एकाच अमेरिकन कुळातली फळे. पण त्यांना आपण थेट रामायणात नेऊन बसवले. हे नाव ऐकून फळ वनवासाइतके जुने वाटले तर नवल नाही. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनाही भारहूत व मथुरा येथील शिल्पांत सीताफळ दिसले होते. शिल्पातले फळ सांकेतिक असू शकते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. पुढे 2009 मध्ये उत्तर प्रदेशातील टोकवा येथील उत्खननात सीताफळाचे, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील, जळके बी सापडल्याचा दावा एका शोधनिबंधात झाला. तो सर्वमान्य नाही. निर्णय काहीही होवो, तो बी आणि शिल्प यांवरून होईल. नावावरून होणार नाही. दिल्लीकडे तर लाल भोपळ्यालाच 'सीताफळ' म्हणतात, आणि तो भोपळाही अमेरिकेचाच! नाव सांगते ते एवढेच, की लोकांनी ही वस्तू आपली मानली.

उलट दिशेचे उदाहरण हिंगाचे. चरकसंहितेपासून हिंग आपल्या औषधात आणि अन्नात आहे; पण त्याचे झाड इराण-अफगाणिस्तानातले. हिंगाच्या लागवडीचा पद्धतशीर प्रयत्न भारतात हिमाचलातील लाहौलमध्ये झाला, तो 2020 साली. दोन हजार वर्षे ज्याच्यावाचून फोडणी अडली, तो हिंग तेवढा काळ बाहेरूनच येत राहिला.

या साऱ्या वस्तूंची मुळे कुतूहलाने शोधणारा एक मनुष्य सोळाव्या शतकात आपल्याच भागात वावरत होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी व सुगंधी द्रव्यांवरचा त्याचा पोर्तुगीज ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे त्यात दोन विशेष आहेत. एक, कवी कामोंइशची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथात आहे. दुसरे, हा ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो नावाचा कल्पित वैद्य ग्रीक आचार्यांची प्रमाणे पुढे करतो, आणि ओर्ता बाजारात, बागेत व हकीम-वैद्यांशी बोलून जे पाहिले-ऐकले ते सांगतो. प्रत्येक द्रव्याला कोणत्या भाषेत काय म्हणतात, हेही तो नोंदवतो. या ग्रंथात काजू नाही. 1578 मध्ये क्रिस्तोव्हाव द कोस्ता याने कोचीच्या बागांतला काजू वर्णिला. ग्रंथात काय नाही, हाही कालनिर्णयाचा पुरावा असतो तो असा.

ओर्ताचे आईवडील स्पेनमधले ज्यू. ज्या 1492 साली कोलंबसची गलबते निघाली, त्याच वर्षी स्पेनने ज्यूंना हाकलले. हे कुटुंब पोर्तुगालात आले आणि 1497 मध्ये तिथल्या सक्तीने ख्रिस्ती झाले. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून, जिवंत जाळण्यात आले. आणि 1580 मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली.

'हे मूळचे कुठले?' हा प्रश्न ओर्ता हिंगाबद्दल, कापराबद्दल, दालचिनीबद्दल विचारत होता. न्यायासनाने तोच प्रश्न त्याच्याबद्दल विचारला. पहिल्या प्रश्नातून एक ग्रंथ झाला आणि दुसऱ्यातून एक चिता. शब्दांची आणि वस्तूंची मुळे शोधताना आपण यांपैकी कोणत्या वृत्तीने शोधतो आहोत, हे दर वेळी तपासून पाहिले पाहिजे.

एकादशीच्या ताटाकडे पाहावे. शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, साबुदाण्याचा कंद, राजगिरा: सारे अमेरिकेहून आलेले. त्यामुळे उपवास खोटा ठरत नाही आणि ताट परके होत नाही. मात्र ते ताट ज्ञानेश्वरांच्या काळात वाढायला निघालो, तर आपला इतिहास खोटा ठरतो. आपलेपणा आणि प्राचीनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे वर्गात नीट सांगता आले तरी पुष्कळ झाले.