दिवाळखोरीच्या कारभाराचा खर्च कोणी द्यायचा? अमेरिकेच्या दिवाळखोरी व्यवस्थेचा इतिहास (१८९८ ते २०२४)

प्रस्तावना

एखादी कंपनी बुडते तेव्हा तिच्याकडे देणी जास्त आणि मालमत्ता कमी असते. उरलेली मालमत्ता ताब्यात घेणे, तिची यादी करणे, ती विकणे, धनकोंचे दावे तपासणे आणि आलेला पैसा ठरलेल्या क्रमाने वाटणे ही कामे कोणाला तरी करावी लागतात. हे काम करणाऱ्याला मोबदलाही द्यावा लागतो. दिवाळखोरीचा कायदा शिकताना आपला भर धनको आणि ऋणको यांच्या हक्कांवर असतो. हा मोबदला कोठून येतो हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेच्या इतिहासात मात्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला. तेथे कारभारात जी मोठी सुधारणा झाली, तिच्यासोबत पैसा कोठून यावा हेही ठरवावे लागले. ते जेथे अर्धवट ठरले, तेथे पुढे नवा वाद निर्माण झाला.

अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसला दिवाळखोरीबाबत देशभर 'एकसमान' कायदे करण्याचा अधिकार दिला आहे. हा शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. शेवटी तो पुन्हा येणार आहे.

१. फीवर जगणारे अधिकारी

अमेरिकेत १८००, १८४१ आणि १८६७ साली दिवाळखोरीचे कायदे झाले, पण एकही फार काळ टिकला नाही. १८६७ चा कायदा १८७८ मध्ये रद्द झाला. मालमत्तेचा मोठा भाग फी आणि खर्चातच संपतो, ही त्याविरुद्धची एक मुख्य तक्रार होती. टिकाऊ कायदा आला तो १८९८ मध्ये. त्याने 'रेफ्री' नावाचे अधिकारी नेमले. जिल्हा न्यायालयाच्या वतीने दिवाळखोरीचे रोजचे काम तेच पाहत.

रेफ्रींना पगार नव्हता. प्रकरणामागे फी आणि वाटलेल्या रकमेवर कमिशन, एवढेच त्यांचे उत्पन्न. म्हणजे ज्याने निवाडा करायचा, त्याचीच कमाई प्रकरणांच्या संख्येवर आणि आकारावर अवलंबून होती. १९४६ च्या कायद्याने ही पद्धत बंद करून रेफ्रींना ठरावीक पगार दिला. तरीही या पगाराचा बोजा सरकारी तिजोरीवर पडू नये, अशी काँग्रेसची इच्छा होती. त्यामुळे दाखल शुल्क आणि मालमत्तांवरील आकारणी यांतून वेगळा निधी उभा करून त्यातून पगार देण्याची सोय झाली. अधिकाऱ्याचा वैयक्तिक लाभ संपला, पण व्यवस्था फीवरच चालत राहिली.

२. न्याय आणि कारभार यांची फारकत

दुसरा दोष शिल्लक होता. न्यायाधीश झालेले हेच अधिकारी प्रकरणातील विश्वस्त नेमत, त्यांच्या कामावर देखरेख ठेवत आणि त्यांच्याशी झालेल्या वादांचा निकालही देत. ठरावीक वकील आणि विश्वस्तांचे टोळके न्यायालयाभोवती जमते, अशी टीका होऊ लागली. १९७० मध्ये काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९७३ च्या अहवालात प्रशासकीय काम न्यायालयाकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे, अशी शिफारस केली.

१९७८ च्या सुधारणा कायद्याने हे काही प्रमाणात स्वीकारले. न्याय विभागाच्या अखत्यारीत 'युनायटेड स्टेट्स ट्रस्टी' हे पद निर्माण झाले. विश्वस्त नेमणे, त्यांचे हिशेब तपासणे आणि गैरप्रकारांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. न्यायाधीशाने फक्त निवाडा करायचा. सुरुवातीला हा प्रयोग १८ न्यायिक जिल्ह्यांपुरता होता. १९८६ मध्ये तो कायम करून देशभर नेण्याचे ठरले आणि खर्चासाठी एक निधी स्थापन झाला. पुनर्रचनेसाठी ११ व्या प्रकरणाखाली आलेल्या कंपन्यांनी दर तिमाहीला, त्या तिमाहीत किती पैसे चुकते केले त्या प्रमाणात, या निधीत शुल्क भरायचे होते.

३. दोन राज्यांचा अपवाद

अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांनी नवी पद्धत मान्य केली नाही. तेथील सहा जिल्ह्यांत न्यायालयाच्याच अखत्यारीतील 'बँकरप्सी ॲडमिनिस्ट्रेटर' हे काम करू लागले. ही सवलत आधी १९९२ पर्यंत होती, मग २००२ पर्यंत वाढली आणि २००० मध्ये कायम झाली. ९४ पैकी ८८ जिल्ह्यांत एक पद्धत आणि सहा जिल्ह्यांत दुसरी, असे चित्र तयार झाले.

सुरुवातीला या सहा जिल्ह्यांत तिमाही शुल्क नव्हतेच. १९९४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. त्यावर काँग्रेसने २००० मध्ये त्या जिल्ह्यांतही शुल्क 'आकारता येईल' अशी तरतूद केली. 'आकारावेच लागेल' असे म्हटले नाही.

४. शुल्कवाढ आणि फाटलेली एकसमानता

स्वतःच्या शुल्कावर चालणाऱ्या यंत्रणेची एक अडचण असते. २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे १५.९ लाख दिवाळखोरी अर्ज आले. २०१७ मध्ये ते सुमारे ७.९ लाखांवर आले. देशासाठी ही चांगली बातमी होती, निधीसाठी नव्हती. प्रकरणे कमी झाली की उत्पन्न घटते, पण कार्यालये आणि कर्मचारी तेवढेच राहतात.

म्हणून २०१७ मध्ये काँग्रेसने मोठ्या प्रकरणांचे शुल्क वाढवले. तिमाहीत दहा लाख डॉलर किंवा अधिक रक्कम चुकती करणाऱ्या कंपनीला एक टक्का शुल्क लागू झाले. कमाल मर्यादा ३०,००० वरून २,५०,००० डॉलर झाली. तिमाहीत चार कोटी डॉलर चुकते करणाऱ्या कंपनीचे शुल्क एकदम आठपटीहून अधिक वाढले.

८८ जिल्ह्यांत ही वाढ जानेवारी २०१८ पासून, चालू प्रकरणांनाही लागू झाली. सहा जिल्ह्यांत ती ऑक्टोबर २०१८ पासून आणि फक्त नव्या प्रकरणांना लागू झाली. व्हर्जिनियात २००८ साली दिवाळखोरीत गेलेल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स विक्रेत्या कंपनीचे प्रकरण तेव्हा चालूच होते. २०१८ च्या पहिल्या तीन तिमाहींत तिला ६,३२,५४२ डॉलर भरावे लागले. हेच प्रकरण शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात असते, तर ५६,४०० डॉलर पुरले असते. फरकाची रक्कम धनकोंना वाटायच्या पैशांतून गेली.

५. न्यायालयाचे दोन निकाल

६ जून २०२२ रोजी सीगल विरुद्ध फिट्झगेराल्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. दिवाळखोरीच्या कारभारासाठी घेतलेले शुल्कही दिवाळखोरी कायद्याचाच भाग आहे, म्हणून त्यालाही एकसमानतेचे बंधन आहे, असा त्याचा आशय होता. त्याआधीच, जानेवारी २०२१ च्या कायद्याने सहा जिल्ह्यांत समान शुल्क सक्तीचे केले होते. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. ऋणकोकडे वाटण्यासारखे काहीच नसले, तर विश्वस्ताला त्या प्रकरणामागे फक्त ६० डॉलर मिळत, आणि १९९४ पासून हा आकडा बदलला नव्हता. आता शुल्कनिधीतून त्यात भर घालण्याची सोय झाली. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शुल्कातून गरीब ऋणकोंच्या प्रकरणांचा खर्च काही अंशी भागू लागला.

जादा भरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न उरला. सर्वांना परतावा द्यायचा तर सुमारे ३२.६ कोटी डॉलर लागतील, असा सरकारचा अंदाज होता. १४ जून २०२४ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी परतावा नाकारला. यापुढे समान शुल्क हाच पुरेसा उपाय ठरला. हक्क मान्य झाला, पण पैसे परत मिळाले नाहीत, हा अल्पमतातील न्यायाधीशांचा मुख्य आक्षेप होता.

६. भारतासाठी काय?

भारताच्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतही कामे वाटून दिलेली आहेत. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण निवाडा करते, नादारी व्यावसायिक कंपनीचा कारभार पाहतो आणि त्या व्यवसायावर नादारी व दिवाळखोरी मंडळ देखरेख ठेवते. संहितेच्या कलम ५३ नुसार अवसायनात सर्वांत आधी प्रक्रियेचा आणि अवसायनाचा खर्च वळता होतो. कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीचा क्रम त्यानंतर येतो. म्हणून कारभार किती महाग आहे, हा प्रश्न थेट कामगाराच्या हातात पडणाऱ्या रकमेचा प्रश्न आहे.

सारांश

व्यवस्था फीवर चालवायची तर दिवाळखोर मालमत्तेतून, म्हणजे अखेर धनकोंच्या वाट्यातून पैसा जातो. तिजोरीतून चालवायची तर सर्व करदात्यांवर भार पडतो. अमेरिकेने पहिला मार्ग निवडला. तेथे अडचण आली ती मुख्यतः शुल्क आहे म्हणून नव्हे, तर समान प्रकरणांना ठिकाणानुसार वेगवेगळे शुल्क लागले म्हणून.

विचारासाठी प्रश्न

१. १९४६ च्या सुधारणेने कोणता दोष दूर झाला आणि कोणता उरला?
२. प्रकरणे कमी झाल्यावर स्वतःच्या शुल्कावर चालणाऱ्या यंत्रणेने तूट कशी भरून काढावी?
३. २०२४ च्या निकालातील बहुमत आणि अल्पमत यांपैकी कोणती भूमिका तुम्हाला पटते? का?